अनवाणी पॉल, २८१ एफची पाटी आणि उलटी तबकडी: ‘पॉल मेला’च्या खुणा कशा तपासायच्या

प्रश्न थोडक्यात असा: बीटल्स या ब्रिटिश बँडच्या एलपींच्या (मोठ्या तबकड्यांच्या) कव्हरांवर पॉल मॅकार्टनी १९६६ सालीच मेल्याच्या खुणा लपवल्या आहेत असं सांगणारे व्हिडिओ पाहिले. हसूही येतं आणि थोडं पटतंही. कॉलेजच्या संगीत मंडळात यावर तासभर बोलायचं आहे. एकेक खूण तपासायची कशी?

पॉलचा जन्म १८ जून १९४२ चा, आणि गडी ऐंशी ओलांडूनही मंचावर उभा राहून गातो. तेव्हा ‘मेला की नाही’ हा तुमचा विषय नाही. खूण कुठून येते, हा आहे. त्यासाठी सगळ्या खुणांना एकच प्रश्न विचारायचा: ही वस्तू कुणी, कधी आणि कशासाठी केली? कव्हर आकाशातून पडत नाही. त्याला फोटोग्राफर असतो, रंगारी असतो, छापखाना असतो, तारखा असतात. निम्म्या खुणा नुसत्या तारखांवरच गळतात.

आधी कथा. ९ नोव्हेंबर १९६६ च्या पहाटे पॉल मोटार अपघातात गेला, त्याच्या जागी विल्यम कॅम्पबेल नावाचा हुबेहूब दिसणारा माणूस उभा केला, आणि मन खात असल्यामुळे उरलेल्या तिघांनी (जॉन लेनन, जॉर्ज हॅरिसन, रिंगो स्टार) कव्हरांवर नि गाण्यांत खुणा पेरल्या. आता खरी तारीख बघा. ६ नोव्हेंबर १९६६ ला पॉल आपली अ‍ॅस्टन मार्टिन विमानात चढवून फ्रान्सला गेला. कुणी ओळखू नये म्हणून खोट्या मिशा लावून तो एकटाच हिंडत होता. १२ तारखेला बोर्दोला त्याला बँडचा रोड मॅनेजर मॅल इव्हान्स भेटला, तिथून दोघं केनियाला गेले आणि १९ ला लंडनला परतले. ‘सार्जंट पेपर’ या एलपीची कल्पना सुचली ती याच परतीच्या विमानात. म्हणजे ज्या आठवड्यात तो मेला म्हणतात त्या आठवड्यात तो वेषांतर करून सुट्टीवर होता! अफवेला यापेक्षा सुपीक जमीन कुठली मिळणार?

अपघातांचे तुकडेही खरेच आहेत, फक्त वेगवेगळ्या ठिकाणचे. डिसेंबर १९६५ मध्ये पॉल मोपेडवरून पडला, ओठ फाटला, दाताचा टवका उडाला. पुढे त्यानं मिशा ठेवल्या त्या यामुळेच. त्यांचा मित्र टारा ब्राउन १८ डिसेंबर १९६६ ला लंडनमध्ये मोटार आदळून गेला. आणि ७ जानेवारी १९६७ ला एम-वन महामार्गावर पॉल मेल्याची आवई लंडनमध्ये उठली होती. चाहत्यांच्या ‘बीटल्स बुक’ मासिकानं फेब्रुवारीच्या अंकात ती खोडून काढली. तीन घटना, एक कथा.

तारखांचा दुसरा संच अमेरिकेतला, आणि तो फळ्यावर लिहून ठेवा. १७ सप्टेंबर १९६९: आयोवातल्या ड्रेक विद्यापीठाच्या विद्यार्थी पत्रात टिम हार्परचा लेख, पॉल मेला काय? २६ सप्टेंबर: बीटल्सची ‘अ‍ॅबे रोड’ ही एलपी इंग्लंडमध्ये बाजारात. १२ ऑक्टोबर: डेट्रॉइटच्या डब्ल्यूकेएनआर रेडिओ केंद्रावर रस गिब यांच्या कार्यक्रमात एका श्रोत्याचा फोन, बीटल्सचं ‘रेव्होल्यूशन नाइन’ उलटं वाजवून बघा. १४ ऑक्टोबर: ‘मिशिगन डेली’त फ्रेड लाबूर या विद्यार्थ्याचं ‘अ‍ॅबे रोड’चं परीक्षण. या लाबूरनं गंमत म्हणून खुणा चक्क बनवल्या. विल्यम कॅम्पबेल हे नावही त्याच्याच डोक्यातलं. पुढे एफ. ली बेली या नामांकित वकिलाला घेऊन टीव्हीवर या प्रकरणाचा लुटुपुटूचा खटला झाला, त्यात लाबूर साक्षीदार होता. आपण हे रचलं आहे, हे त्यानं कार्यक्रमाआधीच बेलींना सांगून टाकलं होतं. कार्यक्रम तरीही झाला.

यातली मेख अशी, की हार्परचा लेख ‘अ‍ॅबे रोड’ बाजारात येण्याच्या नऊ दिवस आधीचा आहे. म्हणजे आज जे कव्हर सगळ्यात मोठा पुरावा म्हणून नाचवलं जातं, ते कथा छापून आली तेव्हा कुणी पाहिलेलंच नव्हतं. आधी गोष्ट तयार झाली, कव्हर नंतर तिच्या हाती लागलं.

आता त्या कव्हराकडे या, कारण बोलण्यासारखं सगळ्यात जास्त तिथंच आहे. त्यावर चौघं एकामागोमाग झेब्रा क्रॉसिंगवरून रस्ता ओलांडताहेत, आणि पॉल अनवाणी आहे. ८ ऑगस्ट १९६९, सकाळी साडेअकराच्या सुमारास. फोटोग्राफर इयन मॅकमिलन रस्त्याच्या मधोमध शिडीवर, हातात हॅसलब्लॅड कॅमेरा आणि ५० मिमीची लेन्स. एका पोलिसानं रहदारी थोपवून धरली. दहाएक मिनिटांत सहा फोटो निघाले आणि पाचवा निवडला गेला. हे सहाही फोटो पुढे प्रसिद्ध झालेत. ते शेजारी शेजारी लावणं ही तुमची पहिली कसोटी. पहिल्या फोटोंत पॉलच्या पायात सँडल आहेत, नंतर त्यानं त्या काढल्या. ऑगस्टचं ऊन होतं. पावलंही दर फोटोत वेगळी पडली आहेत. पाचव्यात तिघांचा डावा पाय पुढे आणि पॉलचा उजवा, म्हणून ‘तो इतरांच्या ओळीत नाही’ अशी खूण निघाली. वेगळा फोटो निवडला असता तर ही खूण नसती, दुसरी कुठली तरी असती.

‘मेलेल्याला अनवाणी पुरतात’ असं व्हिडिओत ठासून सांगतात. इंग्लंडमध्ये असा काही दंडक नाही. आपल्याकडे अंत्ययात्रेत अनवाणी पुढे चालतो तो मडकं धरणारा. मेलेला तिरडीवर असतो. तेच पांढऱ्या कपड्यांचं. पुढे चालणाऱ्या जॉनचा पांढरा सूट म्हणजे धर्मगुरू, काळ्या सुटातला रिंगो म्हणजे अंत्यविधी करणारा, डेनिममधला जॉर्ज म्हणजे खड्डा खणणारा, अशी वाटणी केली आहे. मराठी माणसानं हाच फोटो वाचला असता तर पांढऱ्या कपड्यातला जॉनच सुतकात दिसला असता. कपडे तेच राहतात, अर्थ लावणारा बदलला की सुतक दुसऱ्याच्या घरी जातं.

मागे उभी असलेली पांढरी फोक्सवॅगन बीटल ही या कव्हराची राणी. पाटी: एलएमडब्ल्यू २८१ एफ. ‘२८१ एफ’मधला एक हा इंग्रजी ‘आय’ धरायचा, म्हणजे ‘२८ इफ’: जगला असता तर २८ चा असता. यातला पहिला घोळ वयाचा. ‘अ‍ॅबे रोड’ आलं तेव्हा पॉलला सत्तावीस पूर्ण झालेली होती. यावर उत्तर तयार असतं, की भारतीय गूढ परंपरेत वय गर्भापासून मोजतात. गूढ वगैरे काही नको. आपली आजी सरळ म्हणाली असती, पोराला अठ्ठाविसावं लागलं. पण लिव्हरपूलच्या माणसाचं वय मोजायला मोटारीची पाटी मराठी आजीकडे जाईल, हे जरा जास्त होतं.

खरं उत्तर पाटीतच आहे. आपल्याकडे एमएच १२ दिसलं की पुण्याची गाडी, हे जसं कळतं, तसंच तिथंही. त्या काळच्या ब्रिटिश पद्धतीत पहिल्या तीन अक्षरांतली शेवटची दोन नोंदणीच्या जागेची: एमडब्ल्यू म्हणजे विल्टशर. मधे आकडा. आणि शेवटचं अक्षर वर्षाचं: एफ म्हणजे १ ऑगस्ट १९६७ ते ३१ जुलै १९६८. म्हणून ती पाटी फोटोच्या निदान वर्षभर आधी विल्टशरच्या कचेरीत दिली गेली होती. ‘एलएमडब्ल्यू’चा अर्थ ‘लिंडा मॅकार्टनी रडते आहे’ असाही लावतात. लिंडानं मॅकार्टनी हे नाव घेतलं मार्च १९६९ मधल्या लग्नानंतर. विल्टशरच्या कारकुनाला लग्नाची पत्रिका आधीच पोचली होती म्हणायची. गाडी बँडची नव्हतीच, समोरच्या इमारतीत राहणाऱ्या कुणाची होती. कव्हर गाजल्यावर तिची पाटी पुन्हापुन्हा चोरीला गेली.

‘सार्जंट पेपर’चं कव्हर तपासायला सगळ्यात मजेशीर, कारण त्यात आपला मालमसाला बराच आहे. पीटर ब्लेक आणि जॅन हावर्थ यांनी ते रचलं, मायकेल कूपरनं ३० मार्च १९६७ ला चेल्सीतल्या स्टुडिओत फोटो काढला. जॉर्जच्या आग्रहानं युक्तेश्वर गिरी, महावतार बाबाजी, लाहिरी महाशय आणि योगानंद त्या गर्दीत आले. गांधीजींचंही चित्र होतं. भारतात विक्रीला अडचण येईल म्हणून ईएमआय या रेकॉर्ड कंपनीचे प्रमुख सर जोसेफ लॉकवुड यांनी ते काढायला लावलं. लपवालपवीचंच शोधायचं असेल तर ही खरीखुरी आणि नोंद असलेली लपवालपवी आहे, पण व्हिडिओवाल्यांना ती नको असते.

पुढच्या रांगेत फुलांजवळ चार हातांची एक छोटी मूर्ती आहे. अमेरिकी खुणाशोधकांनी ती ‘संहारक शिव’ ठरवली आणि तिचा वर केलेला हात पॉलकडे रोखलेला आहे असं जाहीर केलं. ती लक्ष्मी आहे. आपल्याकडच्या कुठल्याही देवघरात वाढलेल्या पोराला हे कळायला भिंग लागत नाही. दुसरं असंच: पॉलच्या डोक्यावर कुणाचा तरी पंजा आहे आणि ‘पूर्वेकडे डोक्यावर हात म्हणजे मरण’ असं सांगितलं जातं. पूर्वेकडे कुठे, ते कुणी सांगत नाही. आपल्याकडे डोक्यावर हात म्हणजे आशीर्वाद. हात आहे इस्सी बॉन या विनोदी नटाचा. त्याचा जो फोटो कापून लावला त्यात तो हात हलवतो आहे. बीटल्सच्या ‘आय अ‍ॅम द वॉलरस’ गाण्यावरून सांगतात तो ‘वॉलरस म्हणजे ग्रीकमध्ये प्रेत’ हाही त्याच जातीचा दाखला. ग्रीकमध्ये तसा अर्थ नाही. परकी भाषा किंवा परका धर्म पुढे केला, की पहिलं काम त्या भाषेतल्या माणसाला विचारण्याचं. इथं तो माणूस निम्म्या वेळा तुम्हीच आहात.

याच कव्हरावरच्या ढोलाची खूण प्रत्यक्ष करून दाखवा. जो एफग्रेव्हनं रंगवलेल्या ढोलावर मधोमध ‘लोनली हार्ट्स’ ही इंग्रजी मोठ्या अक्षरांतली ओळ आहे. छोटा सपाट आरसा घ्या, अक्षरांच्या बरोबर मध्यावर आडवा टेकवा, वरचा अर्धा भाग आणि त्याचं प्रतिबिंब मिळून वाचा. ‘१ वन १ एक्स ही (चौकट) डाय’ असं काहीसं दिसतं. आता जवळून बघा हे कसं होतं. इंग्रजी ‘एल’चा वरचा अर्धा म्हणजे नुसती उभी रेघ, ती दुप्पट झाली की ‘आय’ किंवा एक. ‘वाय’चा वरचा अर्धा म्हणजे व्ही, त्याचा झाला एक्स. ‘ए’चं टोक दुप्पट होऊन चौकट. ‘एच’, ‘ई’, ‘ओ’ ही मुळातच वरखाली सारखी, ती जशीच्या तशी राहतात. म्हणून मोठ्या अक्षरांतल्या कुठल्याही इंग्रजी ओळीतून आरसा अर्धेमुर्धे शब्द काढतोच. श्रोत्यांना कागद आणि आरसा द्या, स्वतःच्या नावांवर करू द्या. देवनागरीत मात्र हा खेळ फसतो. शिरोरेषा वरखाली दुप्पट होते आणि आगगाडीचे रूळ दिसतात.

आणि वाचन तरी कसं करतात? पहिला ‘१’ आकडा म्हणून, ‘वन’ शब्द म्हणून, ‘१ एक्स’ रोमन नऊ म्हणून. एका ओळीत तीन पद्धती, म्हणजे अकरा आणि नऊ. मग तारीख ९ नोव्हेंबर, कारण अमेरिकेत महिना आधी लिहितात. रंगवणारा ब्रिटिश, कव्हर ब्रिटिश, आणि तिथं, आपल्यासारखीच, तारीख आधी. सरळ वाचलं तर ११ सप्टेंबर होतं, जे कुणालाच नको आहे.

आतल्या दुहेरी पानावर पॉलच्या डाव्या दंडाचा बिल्ला ‘ओपीडी’ दिसतो: ‘अधिकृतपणे मृत घोषित’. आपल्याकडे ओपीडीचा बोर्ड लागलेल्या जागी माणूस स्वतःच्या पायानं केसपेपर काढायला जातो, ही गंमत सांगायला हरकत नाही. बिल्ला ‘ओपीपी’ आहे, कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताच्या पोलिसांचा. बाहीला घडी पडल्यामुळे शेवटचा ‘पी’ फुगून ‘डी’ झाला आहे.

इथं छपाईचं थोडं समजून घ्या, कारण ‘झूम करून बघा’ हा या धंद्यातला हुकमी एक्का आहे. कव्हर ऑफसेटवर, बारीक ठिपक्यांच्या जाळीतून छापलेलं असतं. इंचाला साधारण १५० ओळींची जाळी धरली तर एका ठिपक्याची जागा ०.१७ मिमी. त्याहून बारीक तपशील कागदावर नसतोच, तो दिसला तर ठिपक्यांचा भास. दहापट भिंगाखाली ठिपके वेगळे दिसायला लागले, की तपासणी तिथं संपली. स्कॅन करायचं तर एलपीचंच करा. ते साधारण ३१ सेंमी चौरस असतं, ए-फोर स्कॅनरवर चार तुकड्यांत बसतं. ६०० डीपीआय पुरे, आणि ‘डीस्क्रीन’ चालू ठेवा, नाहीतर जाळीचे लहरी पट्टे उमटतात आणि कुणाला तरी त्यात कवटी सापडते. सीडीच्या १२ सेंमी पुस्तिकेवरून काही ठरवू नका. नेटवरच्या जेपीजीवरून तर अजिबातच नको: त्यात चित्र ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकटींत दाबलेलं असतं, आणि अक्षरांच्या कडेनं उठणारी घाण ही ‘पुसलेली अक्षरं’ वाटते.

चेहऱ्याची मोजमापं काढणाऱ्यांनाही हेच लागू. २००९ मध्ये इटलीच्या ‘वायर्ड’नं दोन न्यायवैद्यक जाणकारांकडून जबडा आणि कानांची तुलना छापली, ती अजून फिरते. चेहऱ्याचा फोटो एक मीटरवरून काढला की नाक मोठं आणि कान मागे सरकलेले दिसतात. तीन मीटरवरून तोच चेहरा रुंद होतो. लेन्स, अंतर आणि मानेचा कल माहीत नसताना छापील फोटोंवर पट्टी लावली, तर एकाच माणसाचे दोन फोटोही जुळत नाहीत. स्वतःचं आधार कार्ड काढून बघा.

बाकीची कव्हरं झटपट. अमेरिकेतल्या ‘यस्टरडे अँड टुडे’वर पॉल उभ्या केलेल्या ट्रंकेत बसला आहे, ती शवपेटी म्हणे. ती एलपी जून १९६६ ची, ‘मरणा’च्या पाच महिने आधीची. ‘मॅजिकल मिस्टरी टूर’मध्ये तिघांच्या कोटाला लाल फूल आणि पॉलच्या काळं: लाल संपली होती, असं पॉलनंच सांगितलं.

उलट्या आवाजाचा भाग तुमच्या तासात रंगेल, पण जुनी तबकडी हातानं उलटी फिरवू नका. बेल्टच्या टर्नटेबलवर बेल्ट घसरतो, आणि सुईची दांडी एकाच दिशेनं ओढली जाण्यासाठी बनवलेली असते; उलट्या ढकलण्यानं ती वाकू शकते. गाणं संगणकावर घ्या, ऑडॅसिटी या ध्वनी संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये दोनतीन सेकंदांचा तुकडा निवडा, इफेक्टमधला रिव्हर्स लावा. ‘रेव्होल्यूशन नाइन’मधलं ‘नंबर नाइन’ उलटं केलं की ‘टर्न मी ऑन, डेड मॅन’ ऐकू येतं म्हणतात. चाचणी अशी घ्या: ज्यांना काहीच माहीत नाही अशा पाचसहा जणांना तो तुकडा तीनदा ऐकवा आणि ऐकू आलं ते लिहायला सांगा. कागद गोळा करा. मग ते वाक्य फळ्यावर लिहा आणि पुन्हा ऐकवा. आता सगळ्यांना ऐकू येईल, आणि त्यानंतर ते ऐकू न येणं अशक्य होईल. कॅनडात लेथब्रिजच्या व्होकी आणि रीड यांनी १९८५ मध्ये उलट्या बोलण्यावर प्रयोग छापले, त्यातही हेच दिसलं: वाक्य आधी सुचवल्याशिवाय लोकांना त्यातलं फारसं काही कळत नाही. क्रम चुकवून फळा आधी लिहिलात तर प्रयोग वाया गेला.

‘उलटं’ म्हणजे अक्षरं उलटी नव्हेत, हेही दाखवा. ‘नवजीवन’ कागदावर दोन्हीकडून सारखं. ते मोबाइलवर बोलून रिव्हर्स करा: ‘नवीज्वन’सारखं काहीतरी येतं, कारण ध्वनी उलटतात, अक्षरं नाही. इंग्रजी ‘नाइन’चंही तेच, आणि वळण घेतलेल्या स्वरांत मेंदू हवा तो शब्द बसवतो.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगा: बीटल्स खरंच असले खोड्याळ प्रकार करायचे. १९६६ च्या ‘रेन’ गाण्याच्या शेवटी उलटा आवाज आहे. ‘सार्जंट पेपर’च्या ब्रिटिश एलपीच्या शेवटच्या खाचेत कुत्र्यांसाठी अतिउच्च सूर आणि बडबडीचा फेरा आहे. ‘ग्लास अनियन’ गाण्यातली ‘वॉलरस पॉल होता’ ही ओळ लेनननं अर्थ शोधणाऱ्यांना चकवायला लिहिली. ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ गाण्याच्या शेवटी ‘आय बरीड पॉल’ ऐकू येतं ते ‘क्रॅनबेरी सॉस’ आहे. १९९६ च्या ‘अँथॉलॉजी २’मधल्या टेकवर ते स्वच्छ ऐकता येतं. फरक इतकाच, की केलेल्या खोड्या करणाऱ्यांनी पुढे कबूल केल्या आणि टेपवर त्या सापडतात.

शेवटची पाच मिनिटं ‘लाइफ’ मासिकासाठी ठेवा. त्यांचे लोक स्कॉटलंडमध्ये पॉलच्या शेतावर गेले आणि ७ नोव्हेंबर १९६९ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर तो सहकुटुंब, धडधाकट झळकला. लोकांनी ते पान उजेडासमोर धरलं. मागच्या बाजूला मोटारीची जाहिरात होती, आणि पातळ कागदातून ती गाडी बरोबर पॉलच्या छातीवरून गेलेली दिसली. जिवंत असल्याचा पुरावाच नवी खूण झाला. त्यानंतर पॉलच्याच १९९३ च्या ‘पॉल इज लाइव्ह’ या अल्बमचं कव्हर दाखवा: तोच रस्ता, तोच मॅकमिलन, पॉलच्या हातात कुत्र्याची दोरी, आणि मागच्या बीटलची पाटी बदलून ‘५१ इज’. त्या साली तो एक्कावन्नचा होता. ही एक खूण मात्र मुद्दाम ठेवलेली आहे.